बैल चौथीत

“बैल चौथीत,” असं म्हणून ते पहिलीतल्या पोरापुढचा मातीचा बैल अलगद उचलायचे, एक डोळा मिटून त्याच्याकडे बघायचे आणि दोन तळहातांमध्ये धरून दाबायचे. आधी शिंगं जायची, मग वशिंड, मग पाय. त्या मातीची पुन्हा छान गोल गोळी वळून ते ती पोराच्या पुढ्यात ठेवायचे. “ही बघ. ही तुझी इयत्ता.”

रागाने नाही हं. पोराच्या केसांवरून हात फिरवून, अगदी मायेने. पोरांना रागवणारे मास्तर तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहिलेत. मायेने बैल मोडणारा माणूस मी एकच पाहिला.

हे आमचे चित्रकला आणि हस्तकलेचे मास्तर. शाळा चिंचवडच्या पुढे, पवनेच्या काठच्या एका गावात, मारुतीच्या देवळामागे. चौथीपर्यंतचे चार वर्ग, चार मास्तरांना पुरतील इतक्या कटकटी आणि एक घंटा, तीही चिरलेली. पहिलीचा वर्ग माझा. चित्रकलेला वेगळा मास्तर मिळणं म्हणजे त्या काळी केवढी चैन! त्यामुळे हे गृहस्थ कोकणातून, देवगडकडून, बगलेत छत्री आणि पत्र्याची पेटी घेऊन आले तेव्हा आम्ही त्यांच्याकडे जरा कौतुकानेच पाहिलं. ते आले चैत्रात. पावसाला दोन-अडीच महिने होते, पण छत्री हवीच.

पेटीत कपडे कमी आणि तक्ता मोठा. ‘इयत्तावार कलायोजना’ असं वर लाल अक्षरांत. त्यांनी स्वतः डोकं चालवून केलेली. पहिलीने मातीची गोळी करायची. दुसरीने गोळीची वळी करायची. तिसरीने वळ्या जोडून पणती करायची. आणि चौथीने बैल. वर्षभर एकेक वस्तू, घोटून घोटून.

“वर्षभर गोळी?” मी विचारलं.

“क्रमाने यायला हवं हो बाई. पाया नको?”

आता आमची पोरं म्हणजे चालता येण्याआधी नदीच्या चिकणमातीत बसणारी. बैल करायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, जेवायला शिकवावं लागत नाही तसं. पण तक्त्यात नव्हतं ना! माझ्या वर्गात ठकू नावाची एक चिमुरडी होती. ती मास्तरांची पाठ फिरली की बैल करायची, ते वळले की बैल मोडला जायचा. रोज हा खेळ चालायचा. ठकू कधी रडली नाही आणि मास्तर कधी चिडले नाहीत. दोघंही आपापल्या कामाला चिकटून.

चित्रांचंही तसंच. पहिलीला रेघा, दुसरीला पानं, तिसरीला तांब्या-पेला, चौथीला झोपडी, डोंगर आणि सूर्य. रंगही इयत्तेप्रमाणे. पहिलीला लाल, दुसरीला पिवळा आणि हिरवा तिसरीत. पण पानं तर दुसरीत! म्हणून दुसरीच्या भिंतीवर बारा महिने पानगळ. एका पोराने धीर करून पानाच्या वर कोपऱ्यात सूर्य काढला.

“सूर्य कितवीत?” मास्तरांनी विचारलं.

“गुर्जी, रोजच उगवतोय की.”

“तो उगवेना का. आपल्याकडे चौथीत.”

पोराने मुकाट्याने रबर घेतलं. काय करणार बापडं!

हेडमास्तरांना ही योजना फार आवडली. त्यांना तक्ता म्हटला की कुठलाही आवडायचा. तपकिरीची चिमूट ओढून ते म्हणायचे, “शिस्त आहे, शिस्त!” मग शिंकायचे. त्यांच्या दृष्टीने एखादी गोष्ट भिंतीवर टांगली की ती झाली.

मी टवाळी करायची, आणि मास्तरांनी हसून सोडून द्यायचं, असं आमचं चालायचं. माणूस गोड होता हो. जेवणाच्या सुट्टीत बाजरीची भाकरी दोन्ही हातांत धरून एक डोळा मिटून तिचं माप घ्यायचे आणि सुस्कारा सोडायचे, “भात कसा, मऊ असतो.” पोटात दुखणाऱ्या पोराला खांद्यावर घालून घरी पोचवणारेही तेच. एवढ्या शहाण्या माणसाच्या डोक्यात ही क्रमाची खुंटी कुणी ठोकली, देव जाणे.

आणि ती खुंटी त्यांनी स्वतःलाही सोडली नव्हती. त्यांचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी चाकणपुढच्या खेडची. तिचे वडील मूळचे कोकणातलेच, पोस्टातून निवृत्त होऊन खेडला स्थायिक झालेले. मास्तरांची नोकरी हंगामी. सासरेबुवांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, “कायमची ऑर्डर दाखवा, दुसऱ्या दिवशी मुहूर्त काढतो.” साखरपुडा होऊन मुलगी तशीच थांबलेली.

“अहो, करून टाका की लग्न,” मी म्हणायची. “ऑर्डर येईल मागाहून.”

“असं कसं? आधी कायम, मग लग्न, मग बिऱ्हाड. क्रमाने यायला हवं.”

“म्हणजे तुम्ही अजून गोळीतच!”

ते लाजून हसायचे. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी ते धुतलेला सदरा घालून एस.टी.ने खेडला जायचे. ओसरीवर बसायचे. सासरे पोस्टातल्या हकीकती सांगायचे आणि ती आतून पाणी घेऊन यायची. बोलणं नाही, काही नाही. दाराच्या आडून पेला पुढे यायचा, पेला घेऊन हात मागे जायचा. एवढं बघून हा गृहस्थ संध्याकाळी परत! आणि सोमवारी सगळ्या शाळेला कळायचं, की काल स्वारी खेडला जाऊन आली. कारण सोमवारी ते शीळ घालायचे.

अशाच एका सोमवारी तिसरीच्या फळ्यावर त्यांनी पेला काढून दिला. मी सहज डोकावले, तर त्या पेल्याला हात होता. चार बोटं, अंगठा, मनगटात बांगड्या. इतका जिवंत हात मी फळ्यावर कधी पाहिला नव्हता.

“मास्तर, हात कितवीत?” मी दारातून विचारलं.

कानापर्यंत लाल झाले. डस्टर घेऊन त्यांनी हात पुसून टाकला. पेला राहिला, तसाच अधांतरी. मला आजही वाटतं, तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं.

मग ती बातमी आली. पुण्याहून तपासणीचे साहेब खास मास्तरांची योजना पाहायला येणार. पसंत पडली तर जागा कायम होणार. हेडमास्तरांनी तीनदा तपकीर ओढली. मास्तरांनी काही केलं नाही, नुसते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग वळून म्हणाले, “बाई, कार्तिकात मुहूर्त असतात ना?”

कामाला लागले राव! मोठ्या वर्गात टेबलं मांडली. पहिलं टेबल गोळ्यांचं, दुसरं वळ्यांचं, तिसरं पणत्यांचं. चौथ्यावर चौथीचे बैल, रांगेत, प्रत्येकाच्या पायाशी पोराच्या नावाची चिठ्ठी. आणि सगळ्यांच्या पुढे मास्तरांनी स्वतः केलेला नमुन्याचा बैल. पट्टीने मोजलेली शिंगं, मेजाला असावेत तसे पाय. तोंडावर असा भाव, की हाही तपासणीचीच वाट बघतोय. एकही बैल घरी न्यायचा नाही, अशी चौथीला सक्त ताकीद होती. खोलीला कुलूप, किल्ली मास्तरांच्या जानव्याला.

साहेब यायचे होते भाद्रपदातल्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या बाजूला बैलपोळा त्या अमावस्येला असतो. मास्तरांच्या गावी पोळ्याची पद्धत नव्हती. पोळा म्हणजे त्यांच्या लेखी सुट्टी, तयारीला एक मोकळा दिवस. आणि आम्हालाही काही सुचलं नाही, कारण पोळा होतो गोठ्यात. त्याचा शाळेशी संबंध काय?

पण त्या वर्षी गावातले निम्मे गोठे मोकळे होते. गावाच्या वरच्या अंगाच्या जमिनी एका मोठ्या कंपनीसाठी घेतल्या होत्या. खुंट्या ठोकल्या, तारा ओढल्या. शेतच नाही तर बैल बांधून काय करायचं? चाकणच्या बाजारात नेऊन लोकांनी ते विकले. हे आम्हाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही चिठ्ठ्या सारख्या करत होतो, तर बाहेर बांगड्यांचा आवाज. बघते तो गावातल्या बायका. हातात ताटं, ताटांत निरांजन, हळदकुंकू, पुरणपोळी. मागे पोरं. मास्तरांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू!

“पाहिलंत बाई? गावाला कलेची गोडी लागली!”

दार सताड उघडून, हातात पट्टी घेऊन ते सुरूच झाले. “या, या. इकडून, क्रमाने. ही गोळी. पायाभूत आकार. ही वळी.” बायका बिचाऱ्या पदर सावरून ऐकत होत्या. शाळेत पूजेआधी असं काही ऐकावं लागतं, असं त्यांना वाटलं असावं. एकीने तर गोळीलाही कुंकू लावलं. चौथ्या टेबलाशी आल्यावर मात्र त्या ऐकायला थांबल्या नाहीत. आपापल्या पोराचा बैल हुडकला, हळद वाहिली, कपाळावर कुंकू टेकवलं, शिंगांना लोकरीचा धागा बांधला.

“अहो, अहो! रंगकाम योजनेत नाही!” मास्तर पट्टी हलवत राहिले.

कुणी लक्ष दिलं नाही. निरांजनं ओवाळली गेली. पुरणाचा घास बैलांच्या तोंडाला लागला. आणि मग ठकूची आई पुढे झाली. तिचा थोरला सोपान चौथीत होता, त्याचा बैल दुसऱ्या रांगेत.

“गुर्जी, आता नेतो आमी. दिस मावळायच्या आत नदीला सोडायचं.”

“कोणाला?”

“बैलांस्नी.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच समजावून सांगितलं, की इथे मातीचा बैल पुजला की त्याच दिवशी पाण्यात सोडतात. त्यांच्या हातातली पट्टी खाली आली.

“नाही नाही. उद्या साहेब यायचेत. परवा न्या. परवा मी स्वतः आणून देतो घरोघर.”

“पुजलेला बैल ठिवत न्हाईत, गुर्जी.”

“एक दिवस हो! फक्त एक दिवस.”

ठकूची आई भांडली नाही. पदराने तोंड पुसून म्हणाली, “गुर्जी, दर साली मातीचा बैल पोरांचा खेळ आसायचा, खरा गोठ्यात आसायचा. औंदा गोठ्यात कोन न्हाई. जमीन कंपनीत गेली, जोडी बाजारात गेली. घरात ह्यो एकच बैल हाय, त्यो बी तुमच्या शाळंत. ह्याला बी अडवून धरलं, तर आमी पोळा कुनाचा करायचा?”

मास्तरांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर म्हणाले, “तुमचा विषय. तुम्ही बघा.” आणि तपकिरीची डबी शोधायला निघून गेले. ती त्यांच्या हातातच होती.

मला राहवेना. मी मास्तरांच्या कानाशी लागले, “दोन-चार ठेवून घ्या. साहेबांना दाखवण्यापुरते. बाकीचे देऊन टाका.”

“कुणाचे ठेवू?” त्यांनी विचारलं.

त्यांनी एक बैल उचलला, त्याच्या पोराकडे बघितलं, खाली ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. सोपानचा तर उचललाच नाही. मग चिठ्ठ्या तेवढ्या एकेक करून काढून घेतल्या आणि म्हणाले, “न्या.”

झालं. पोरांनी झडप घातली. ठकू तेवढी टेबलाला धरून उभी. पहिलीतली ना ती! तिच्या नावावर होती फक्त एक गोळी. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपला नमुन्याचा बैल उचलून तिच्या ओंजळीत दिला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला. तिला काही तो विशेष आवडला नसावा. पण घेतला.

नदीवर मास्तरही आले. पवनेला अजून पाणी होतं, गढूळ. आणि तुम्ही विश्वास ठेवणार नाही, तिथेही त्यांनी पोरांची रांग केली. धाकटी पुढे, थोरली मागे. “एकेकाने. क्रमाने यायला हवं.” पोरं गुडघाभर पाण्यात उतरून बैल सोडत होती. मातीच ती, दोन-चार वळसे घेऊन विरघळायची. परत येताना ते शीळ घालत नव्हते. मी आपली त्यांच्याबरोबर चालत होते. मला हसू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरुण, नुकतेच मुंबईहून कसलं तरी नव्या शिक्षणपद्धतीचं शिबिर करून आलेले. खिशाला दोन पेनं. गोळ्या पाहिल्या, वळ्या पाहिल्या, पणत्या पाहिल्या. चौथ्या टेबलावर हळदीकुंकवाचे डाग.

“चौथी?”

“नदीत आहे, साहेब,” मास्तर म्हणाले.

साहेबांना ती थट्टा वाटली. मग मास्तरांनी सगळं सरळ सांगितलं. गावाला नावं ठेवली नाहीत, हेडमास्तरांचं नाव काढलं नाही. “दिले मी,” एवढंच. साहेबांनी घड्याळ पाहिलं. “ठीक आहे. माती आणा. मुलांनी माझ्यासमोर करून दाखवावं.”

माती आली. चारही वर्ग पटांगणात बसवले. चौथीची पोरं, वर्षभर घोटलेली, एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. सोपानने हात वर केला, “गुर्जी, आधी गोळी करू का?” आणि सगळी चौथी शिस्तीत गोळ्या वळायला लागली. गोळीची वळी, वळीला वळी. इकडे माझ्या पहिलीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. साहेब वळले तर त्यांच्या पायाशी बैलच बैल. ठकूचा तर मान वळवून पाठीवरची माशी हाकलत होता.

“वा!” साहेब उकिडवे बसले. “पहिलीत बैल! कोणी शिकवलं गं तुला?”

“कुनी न्हाई,” ठकू म्हणाली. “गुर्जी मोडत्यात.”

पोरच ते. खरं तेच बोललं. मी डोळे मिटून घेतले.

साहेबांना मात्र त्यांच्या शिबिरात जे सांगितलं होतं ते हुबेहूब सापडलं. त्यांचा शेरा हेडमास्तरांनी आम्हाला वाचून दाखवला. मुलांच्या अंगी कला उपजत असते, तिला मोकळं सोडलं पाहिजे, क्रम लादणं घातक आहे, सबब कलेसाठी वेगळ्या मास्तराची जरूर दिसत नाही. त्याखाली मुक्त आविष्कारासाठी दर बुधवारी तिसरा तास सक्तीचा केला होता. त्या तासाला जो मुक्त होणार नाही त्याची नोंद ठेवायची होती. हेडमास्तरांनी त्याचाही तक्ता करून भिंतीवर टांगला, जुन्याच खिळ्याला.

मास्तर त्या रविवारी खेडला जाऊन आले. सोमवारी मी कान देऊन बसले होते. शीळ नाही.

“काय म्हणाले सासरे?”

“बरोबरच बोलले ते. मुलीचा बाप आहे. किती वर्षं थांबायचं माणसाने?” ते पेटी भरत होते. “दुसरं स्थळ आलंय म्हणे. कायम आहे.”

“आणि ती?”

“पाणी घेऊन आली होती.” त्यांनी पेटीचं झाकण लावलं. “ह्या वेळी दाराच्या बाहेर आली. बाहेर येऊन उभी राहिली. मी प्रथमच पाहिलं तिला, नीट.”

“अहो, मग काही बोलायचं होतंत!”

“काय बोलू बाई? बोलायला काही हातात हवं ना.”

मला इतका संताप आला, साहेबांचा, सासऱ्याचा, हेडमास्तरांचा आणि ह्यांचाही. पण कुणावर काढायचा? छत्री बगलेत धरून ते गेले. मुंबईहून बोटीने गावी जाणार होते. हेडमास्तरांनी पोरांना सांगितलं, गुरुजींची बदली झाली. त्या बाबतीत हेडमास्तरांचं डोकं चांगलं चाले.

पुढच्या वर्षी पोळ्याला शाळा बंद होती. मी घरीच होते. दारात ठकूची आई. नवरा आता कंपनीच्या फाटकावर बिगारी करत होता. हातात फडक्याने झाकलेली परडी.

“बाई, गुर्जींचा पत्ता तुमाला ठावं आसंल ना? बदली झाली म्हनं. मंजी कायम झालं आसंल?”

बदली कायम माणसाचीच होते. बाईचा हिशेब बिनचूक होता. हिला सांगू, की त्या संध्याकाळी तो माणूस काय देऊन बसला?

“झालं,” मी म्हणाले.

“आन् लगीन? खेडच्या पोरीसंगं?”

“तेही झालं.”

“मला वाटलंच हुतं!” तिचा चेहरा असा फुलला. “घरी मी समद्यांस्नी म्हनत हुते, त्या मानसानं आमचा बैल वाटंला लावला, त्याचं वाईट व्हायचं न्हाई.” तिने फडकं बाजूला केलं. पुरणपोळ्या होत्या, तूप लावून घडी घातलेल्या, दोन जागी वेगवेगळ्या बांधलेल्या. “ह्या गुर्जींच्या. आन् ह्या त्यांच्या मंडळींच्या. तिला सांगा, भाताची सवय आसंल तर दुदात कुस्करून खा म्हनावं.”

मी दोन्ही हात पुढे केले. पोळ्या अजून गरम होत्या.